झाडांच्या कामासाठी डंपिंग ट्रॉली : निवड, शक्ती आणि वापर

घोटी आणि इगतपुरी परिसर भाताचा म्हणून ओळखला जातो. पण येथील प्रत्येक शेतकऱ्याच्या बांधावर, माळावर आणि घराभोवती झाडेही आहेत. आंबा, जांभूळ, ऐन, साग, बांबू, गिरिपुष्प, कोठे नीलगिरी, कोठे सुबाभूळ. भात कापणी आटोपली की नोव्हेंबरपासून मेअखेरपर्यंत या झाडांची कामे निघतात. बांधावरील सावली कमी करण्यासाठी फांद्या छाटणे, राबासाठी व सरपणासाठी डहाळ्या आणणे, वाळलेली किंवा वादळात पडलेली झाडे काढणे, तयार झालेले लाकूड विक्रीसाठी रस्त्यापर्यंत पोहोचविणे ही ती कामे होत.

नाशिक जिल्ह्याला शेतातील झाडांचे पीक नवे नाही. सन १९८३ मध्ये विनायकराव पाटील यांच्या पुढाकाराने या जिल्ह्यात नीलगिरी उत्पादक शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि झाड हेही विकण्याचे पीक आहे हा विचार गावोगावी गेला. मात्र झाड लावण्याची जेवढी चर्चा होते, तेवढी ते तोडल्यानंतर शेताबाहेर काढण्याची होत नाही. लाकूड वजनावर विकले जाते. ते भरणे, ओढणे आणि उतरविणे यांतच मजुरीचा मोठा भाग जातो. त्यामुळे अनेक शेतकरी आता साध्या ट्रॉलीऐवजी मागे उलटणारी, म्हणजे डंपिंग ट्रॉली घेण्याचा विचार करतात.

ट्रॉली घेताना साधारणपणे दोनच प्रश्न विचारले जातात : ‘किती टनी?’ आणि ‘किती अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला चालेल?’ हे प्रश्न पुरेसे नाहीत. ट्रॉली उचलायला फार थोडी शक्ती लागते, चढावर ओढायला त्यापेक्षा बरीच जास्त लागते आणि उतारावर तिला थोपवून धरणे हे सर्वांत अवघड असते. घोटीच्या आसपास, विशेषतः टाकेद, वासाळी, आंबेवाडी या कळसूबाईच्या डोंगररांगेकडील गावांत, सपाट रस्ता कमी आणि चढ-उतार जास्त. अशा ठिकाणी चुकीची ट्रॉली पैशाबरोबर जीवही घेऊ शकते. म्हणून निवड करताना पुढील क्रमाने विचार करावा.

१. आधी भार ओळखावा

झाडांच्या कामात दोन अगदी वेगळे भार येतात. ओंडके जड असतात, पण जागा कमी घेतात. फांद्या हलक्या असतात, पण जागा फार अडवितात. ओल्या लाकडाचे वजन जातीप्रमाणे घनमीटरला साधारण ८०० ते १,१०० किलो धरावे. वाळल्यावर ते बरेच कमी होते.

समजा, ट्रॉलीचा हौदा १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि २ फूट उंच आहे. म्हणजे १२० घनफूट किंवा सुमारे ३.४ घनमीटर जागा झाली. हा हौदा काठोकाठ भरला तर अंदाजे वजन असे येते :

सैल टाकलेल्या फांद्या व डहाळ्या – ३५० ते ५०० किलो
यंत्राने बारीक केलेल्या डहाळ्या – सुमारे १ टन
नीट रचलेले ओले ओंडके – सुमारे २ टन
ओले शेणखत – सुमारे अडीच टन
मुरूम किंवा ओली माती – ५ टनांपेक्षा जास्त

यावरून तीन गोष्टी लक्षात येतात. पहिली, केवळ लाकडासाठी या मापाची ३ टनी ट्रॉली पुरेशी आहे, ५ टनीची गरज नाही. दुसरी, फांद्यांसाठी वजन पेलण्याची क्षमता नव्हे तर हौद्याची उंची वाढवावी लागते. त्यासाठी लोखंडी जाळीच्या, काढता येणाऱ्या २ फुटी फळ्या वरून बसवाव्यात. म्हणजे एका खेपेत ७०० ते १,००० किलो फांद्या येतील. तिसरी, त्याच वाढविलेल्या हौद्यात ओंडके किंवा मुरूम काठोकाठ भरला तर ट्रॉली क्षमतेच्या बाहेर जाते. पाटे तुटणे, चेसिस वाकणे, जॅक न उचलणे या तक्रारींचे मूळ बहुधा येथेच असते. जाळीच्या फळ्या फक्त फांद्यांसाठी वापरावयाच्या आणि इतर वेळी काढून ठेवावयाच्या, हा नियम घरातील सर्वांना व चालकाला सांगून ठेवावा.

याच हिशेबाचा आणखी एक उपयोग आहे. चारसूत्री भात लागवडीत गिरिपुष्पाचा हिरवा पाला हेक्टरी सुमारे ३ टन द्यावयाचा असतो. जाळी लावलेल्या ट्रॉलीत एका खेपेस सरासरी ८०० किलो पाला बसतो असे धरल्यास हेक्टरी चार खेपा होतात. एवढ्यासाठी पाला दुरून आणण्यापेक्षा गिरिपुष्प त्याच बांधावर लावणे केव्हाही चांगले.

२. दोन चाकी की चार चाकी?

दोन चाकी ट्रॉलीच्या वजनाचा काही भाग ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. त्यामुळे ट्रॅक्टरची मागील चाके जमिनीवर दाबली जातात आणि पकड वाढते. ती अरुंद वाटेवर मागे घेणे व वळविणे सोपे असते. चार चाकी ट्रॉली जास्त भार नेते, हुकावर वजन टाकत नाही, पण बांधांच्या आणि झाडांच्या मधून मागे घेणे फार कठीण जाते. शेतातून लाकूड काढण्यासाठी दोन चाकी आणि डांबरी रस्त्याने लांब नेण्यासाठी चार चाकी, असा ढोबळ नियम धरावा. आपल्या भागातील लहान व तुकड्यातुकड्यांच्या शेतांसाठी दोन चाकीच सोयीची पडते.

ट्रॉली घेताना पुढील बाबी स्वतः पाहाव्यात.

(अ) भरलेल्या ट्रॉलीचा सुमारे दहावा भाग भार हुकावर यावा. धुरा अगदी मध्यावर असेल तर भार थोडा मागे सरकताच हुक वर उचलला जातो. धुरा मध्याच्या किंचित मागे असावा.

(आ) मागचा फाळका पूर्ण उघडणारा किंवा काढून ठेवता येणारा असावा. वरून लटकणारा फाळका मुरमासाठी ठीक आहे. लाकडासाठी तो अडथळा ठरतो, कारण फांद्या त्यात अडकून बसतात.

(इ) हौद्याच्या तळाचा पत्रा सलग असावा. मध्येच वर आलेल्या पट्ट्या, खिळे किंवा वेल्डिंगचे उंचवटे असतील तर ओंडके सरकत नाहीत. ओंडके आदळून पत्रा लवकर पिचतो. म्हणून जाड पत्रा व खाली जवळजवळ आडवे चॅनेल असलेली बांधणी पसंत करावी.

(ई) दोन चाकांमधील अंतर जितके जास्त, तितकी ट्रॉली स्थिर. हौदा रुंद आणि चाके आत घेतलेली, अशी बांधणी नाकारावी.

(उ) ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक असावेत. डोंगराळ भागात ही चैन नसून गरज आहे. थोडे जास्त पैसे पडले तरी चालतील, पण ब्रेक नसलेली ट्रॉली घेऊ नये.

(ऊ) हुकाची पिन निघू नये म्हणून तिला खालून कडी किंवा कुलूपपिन असावी. शिवाय एक मजबूत सुरक्षा साखळी असावी.

३. अश्वशक्ती नेमकी कशासाठी लागते?

येथे थोडा हिशेब करू. तो प्रत्येकाने आपल्या ट्रॅक्टरचे आकडे घालून करावा.

उचलण्यासाठी : हौद्यात ३ टन लाकूड आणि हौद्याचे स्वतःचे वजन ६०० किलो, असे ३,६०० किलो वजन आहे. हौदा पूर्ण उचलला की या वजनाचा मध्य सुमारे १ मीटर वर जातो. त्यासाठी ३० सेकंद लागले तर दर सेकंदाला १२० किलोग्रॅम-मीटर काम झाले. ७५ किलोग्रॅम-मीटर म्हणजे १ अश्वशक्ती. म्हणून उचलण्याला केवळ १.६ अश्वशक्ती लागली. पंप व तेलातील तूट धरली तरी ३ अश्वशक्ती पुष्कळ झाली. याचा अर्थ, ‘ट्रॉली उचलत नाही, मोठा ट्रॅक्टर घ्यावा लागेल’ ही समजूत बरोबर नाही. दोष जॅक, पंप, तेल किंवा भरण्याच्या पद्धतीत शोधावा.

ओढण्यासाठी : ट्रॅक्टर १.८ टन, रिकामी ट्रॉली १.२ टन, भार ३ टन, असे एकूण ६ टन झाले. दहा फुटांत एक फूट चढ असेल तर चढासाठी ६०० किलो आणि कठीण मुरमाच्या वाटेवर चाके फिरविण्यासाठी सुमारे ३०० किलो, असे ९०० किलो ओढ लागेल. ताशी ५ कि.मी. वेगाने चाकांवर सुमारे १७ अश्वशक्ती लागते. गिअर व चाके घसरण्यातील तूट धरून इंजिनची २२ ते २५ अश्वशक्ती झाली. म्हणजे ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर यासाठी पुरेसा आहे.

पण शक्ती पुरेशी असली तरी पकड पुरेशी असेलच असे नाही. ट्रॅक्टरच्या मागील चाकांवर त्याचे स्वतःचे १,१०० किलो आणि हुकावरचे ४०० किलो, असे १,५०० किलो वजन येते. कोरड्या मुरमावर या वजनाच्या सुमारे ६० टक्के, म्हणजे ९०० किलो ओढ मिळते. वरील चढ जेमतेम चढता येईल. ओल्या चिकण जमिनीवर हीच पकड ३५ टक्क्यांवर, म्हणजे ५२५ किलोवर येते. शिवाय मऊ जमिनीत चाके रुतल्याने ओढ जास्त लागते. अशा वेळी त्याच चढावर रिकामी ट्रॉलीसुद्धा कष्टाने चढेल. ट्रॅक्टर ५० अश्वशक्तीचा असला तरी चाके जागीच फिरतील.

इगतपुरी येथे वर्षाला सरासरी ३,००० मि.मी.पेक्षा जास्त पाऊस पडतो. म्हणून जून ते ऑक्टोबर या काळात उतारावरील लाकूड ट्रॉलीने काढण्याचे काम ठेवूच नये. पावसात झाड पडलेच तर ओंडके कापून बाजूला रचून ठेवावेत आणि वाफसा आल्यावर न्यावेत.

थोपविण्यासाठी : तोच चढ उतरताना ४.२ टनांची भरलेली ट्रॉली १.८ टनांच्या ट्रॅक्टरला मागून ढकलते. ट्रॉलीला ब्रेक नसतील आणि चालकाने ट्रॅक्टरचा ब्रेक जोरात दाबला तर मागील चाके घसरतात, ट्रॉली बाजूला येते आणि कात्रीसारखी दुमडून ट्रॅक्टर उलटवते. म्हणून पुढील नियम पाळावेत.

• ब्रेक नसलेल्या ट्रॉलीचे भरलेले वजन, उताराच्या वाटेवर, ट्रॅक्टरच्या वजनापेक्षा जास्त असू नये. वरील उदाहरणात याचा अर्थ फक्त ६०० किलो भार. अशी ट्रॉली फांद्या नेऊ शकेल, ओंडके नाही.
• ज्या गिअरमध्ये चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरावे. उतार सुरू होण्यापूर्वीच गिअर टाकावा. मध्ये क्लच दाबू नये, न्यूट्रल तर कधीच करू नये.
• रस्त्यावर व उतारावर दोन्ही ब्रेक पेडल पट्टीने एकत्र जोडलेले असावेत.
• ट्रॉली नेहमी कारखान्याने दिलेल्या हुकालाच जोडावी. उंचावर, टॉप लिंकच्या जागी, कोणतीही ओढ बांधू नये. चढावर पुढील चाके उचलून ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर मागे उलटतो.

४. उचलण्याची शक्ती कोठून घ्यावी?

(१) ट्रॅक्टरचे स्वतःचे हायड्रोलिक : बहुतेक शेतकऱ्यांसाठी हाच सर्वांत स्वस्त व चांगला मार्ग आहे. ट्रॅक्टरच्या बाहेरील तेलजोडातून नळी ट्रॉलीच्या जॅकला जाते. तेलाच्या दाबाने हौदा वर जातो आणि स्वतःच्या वजनाने खाली येतो.

येथे तेलाचा हिशेब महत्त्वाचा आहे. १० सें.मी. व्यासाच्या जॅकचा दट्ट्या १ मीटर बाहेर येण्यासाठी सुमारे ८ लिटर तेल लागते. अनेक ट्रॅक्टरमध्ये हायड्रोलिक आणि गिअरपेटीचे तेल एकच असते. म्हणजे हौदा वर असताना गिअरपेटीतील तेल ८ लिटरने कमी झालेले असते. तेल आधीच कमी असेल किंवा ट्रॅक्टर उतारावर तिरपा उभा असेल तर पंप हवा ओढतो, हौदा झटके देत वर जातो आणि पंप खराब होतो. म्हणून ट्रॅक्टरमधून बाहेर किती लिटर तेल घेता येते हे माहितीपुस्तिकेत पाहून किंवा विक्रेत्याकडून लेखी घेऊन, मगच जॅकचे माप ठरवावे.

दुसरी काळजी स्वच्छतेची. जोडाच्या तोंडावरील माती तेलाबरोबर थेट गिअरपेटीत व पंपात जाते. जोडण्यापूर्वी दोन्ही तोंडे स्वच्छ फडक्याने पुसावीत. नळी काढल्यावर दोन्हींवर टोपणे लावावीत. दुसऱ्याची ट्रॉली आपल्या ट्रॅक्टरला जोडली की तिच्या जॅकमधील तेल आपल्या ट्रॅक्टरमध्ये येते. त्यामुळे भाड्याच्या ट्रॉलीचे तेल कोणते व कसे आहे हे विचारून घ्यावे.

(२) पी.टी.ओ.वर चालणारा स्वतंत्र पंप : ट्रॅक्टर जुना आहे, बाहेरील तेलजोड नाही किंवा तेल कमी पडते, अशा वेळी ट्रॉलीसाठी वेगळा पंप व वेगळी तेलटाकी बसविता येते. ट्रॅक्टरचे तेल त्यात मिसळत नाही हा मोठा फायदा. मात्र फिरणाऱ्या दांड्यावर संरक्षक नळकांडे असलेच पाहिजे. धोतर, साडीचा पदर किंवा उपरणे त्यात गुंडाळले गेले तर माणूस सुटत नाही. हौदा पूर्ण वर गेला की पी.टी.ओ. लगेच बंद करावा.

(३) बॅटरीवर चालणारा पंप : १२ व्होल्टची मोटर, पंप आणि टाकी एकत्र असलेला हा संच ट्रॉलीवरच बसतो. पिकअप किंवा जीपच्या मागे लहान ट्रॉली ओढणाऱ्यांना, तसेच तेलजोड नसलेल्या लहान ट्रॅक्टरला तो उपयोगी आहे. उचलताना मोटर १५० ते २०० अँपिअर वीज ओढते, पण केवळ अर्धा मिनीट. म्हणून एका वेळी खर्च सुमारे पावणेदोन अँपिअर-तास एवढाच होतो. ७० अँपिअर-तासाची चांगली बॅटरी निम्मी वापरली तरी वीसेक वेळा हौदा उचलते. तथापि तारा जाड आणि आखूड असाव्यात. दिव्याच्या बारीक तारेवरून ही मोटर चालवू नये. तार तापून जळते. बॅटरी दिवसाच्या कामानंतर घरी चार्ज करावी. पावसाळ्यात महिनोन् महिने उभ्या ट्रॉलीवर ती तशीच ठेवली तर निकामी होते.

(४) हातपंप : एक टनापर्यंतच्या लहान ट्रॉलीला हातपंपाचा जॅक पुरतो. दिवसाला दोन-तीनच खेपा असतील तर यात कमीपणा मानू नये. दुरुस्ती सोपी आणि किंमत कमी.

५. जॅक पाहताना

हौदा उचलताना सर्वांत जास्त जोर अगदी सुरुवातीला लागतो. हौदा खाली असताना जॅक जितका आडवा निजलेला, तितका त्याला जोर जास्त लावावा लागतो. वरील ३,६०० किलोच्या उदाहरणात, भाराचा मध्य मागील बिजागरीपासून ५ फुटांवर आणि जॅकचे वरचे टोक ४ फुटांवर धरले, तर जॅक ४५ अंशांत असल्यास सुमारे साडेसहा टन आणि २५ अंशांत असल्यास साडेदहा टनांपेक्षा जास्त जोर लागतो. १० सें.मी. व्यासाच्या जॅकला दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो दाबावर पावणेबारा टन जोर मिळतो. म्हणजे दुसऱ्या बांधणीत हाती काहीच शिल्लक राहत नाही. ट्रॉली पसंत करताना खाली वाकून जॅकचा कोन जरूर पाहावा. शक्य असेल तर भरलेली ट्रॉली आपल्याच ट्रॅक्टरने उचलून पाहावी, मगच व्यवहार करावा.

तेलाची नळी फुटली तर हौदा धाडकन खाली येतो. जॅकच्या तोंडाशी तेल हळू सोडणारा व्हॉल्व्ह असेल तर हौदा सावकाश उतरतो. हा व्हॉल्व्ह आहे का हे विचारावे, नसल्यास बसवून घ्यावा. हौद्याखाली लावण्यासाठी लोखंडी टेकू ट्रॉलीलाच जोडलेला असावा. ग्रीस घालणे, नळी पाहणे यांसाठी हौद्याखाली जावयाचे तर हौदा रिकामा करून आणि टेकू लावूनच जावे. केवळ तेलाच्या भरवशावर उभ्या हौद्याखाली एक क्षणही जाऊ नये.

६. भरण्याची पद्धत

मुरूम वाहतो, लाकूड वाहत नाही. ते एकमेकांत अडकते. म्हणून डंपिंग ट्रॉलीत लाकूड भरण्याला पद्धत लागते.

• फांद्या भरताना बुंध्याकडील टोक मागे, फाळक्याकडे ठेवावे. हौदा उचलल्यावर बुंधा पुढे निघतो आणि डहाळ्या मिटून मागोमाग येतात. शेंडा मागे ठेवला तर फाटे एकमेकांत अडकतात.
• ओंडके लांबीच्या दिशेने, सारख्या मापाचे कापून रचावेत. आडवे ठेवलेले ओंडके एकदम गडगडतात.
• सर्वांत जड ओंडके तळाशी आणि धुऱ्याच्या किंचित पुढे ठेवावेत. सगळे पुढे लोटले तर जॅकवर ताण येतो, सगळे मागे लोटले तर हुक उचलला जातो.
• डाव्या-उजव्या बाजूंना वजन सारखे ठेवावे.
• दोर किंवा साखळीने भार बांधावा. भारावर कोणालाही बसवू नये. परतीच्या वाटेवर मजूर लाकडांवर बसून येतात ही आपल्याकडील नेहमीची गोष्ट आहे आणि अपघातात बळीही तेच पडतात.

७. खाली करताना

ट्रॉली खाली असताना भाराचा मध्य जमिनीपासून सुमारे ४ फुटांवर असतो. हौदा ४५ अंश उचलला आणि लाकूड अडकून राहिले तर तो ७ फुटांवर जातो. दोन चाकांमध्ये ५ फूट अंतर आहे आणि लाकूड एका बाजूला अडकल्याने भार त्या बाजूस १ फूट सरकला आहे असे धरा. मग ती बाजू केवळ १ फूट खाली असली तरी ट्रॉली उलटते. टायर दबणे, जमीन खचणे आणि हादरा यांचा विचार केला तर अर्धा फूटही धोक्याचा आहे. भातखाचरातील मऊ जमिनीत एक चाक अर्धा फूट रुतायला वेळ लागत नाही.

यासाठी ट्रॉली सपाट व कठीण जागी, ट्रॅक्टर व ट्रॉली सरळ रेषेत ठेवूनच उचलावी. उचलण्यापूर्वी वर पाहावे. १० फुटी हौदा पूर्ण उचलला की त्याचे पुढचे टोक जमिनीपासून १२ फुटांवर जाते आणि त्यावर फांद्या आणखी वर जातात. शेतावरून जाणाऱ्या विजेच्या तारा मध्यभागी झोळ खाऊन खाली आलेल्या असतात. तारांखाली ट्रॉली कधीही उचलू नये. चुकून स्पर्श झाला तर चालकाने जागेवरच बसावे, इतरांनी दूर राहावे आणि वीज कंपनीला कळवून प्रवाह बंद करावा.

फाळका उघडताना बाजूला उभे राहावे, मागे नव्हे. लाकूड अडकले तर हौदा वर ठेवून ट्रॅक्टर झटके देत पुढे-मागे करू नये आणि कोणी वर चढू नये. हौदा खाली आणून लांब आकडीने चार-पाच फांद्या मोकळ्या कराव्यात व पुन्हा उचलावा. हौदा पूर्ण खाली बसल्याची खात्री केल्याशिवाय ट्रॉली हलवू नये.

८. साधी ट्रॉली असेल तर

डंपिंग ट्रॉली नाही म्हणून काम अडत नाही. फांद्या भरण्यापूर्वी हौद्याच्या तळाशी पुढून मागे असे दोन मजबूत दोर अंथरावेत. दोरांची पुढची टोके भारावरून मागे घ्यावीत. उतरविण्याच्या जागी चारही टोके एकत्र करून मोठ्या झाडाच्या बुंध्याला बांधावीत, फाळका काढावा आणि ट्रॅक्टर अगदी सावकाश पुढे न्यावा. फांद्यांचा भारा एकसंध मागे उतरतो. दोर तुटल्यास तो चाबकासारखा लागतो. म्हणून दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये. ही युक्ती फांद्यांसाठीच वापरावी, ओंडक्यांसाठी नाही.

९. परवडते का?

समजा, साध्या ट्रॉलीपेक्षा डंपिंग ट्रॉलीला ६०,००० रुपये जास्त पडले. आयुष्य १० वर्षे धरल्यास वर्षाची घट ६,००० रुपये, सरासरी ३०,००० रुपयांवर १० टक्के व्याज ३,००० रुपये आणि तेल, सील, नळी यांचा खर्च ३,००० रुपये, असे वर्षाला १२,००० रुपये होतात. एक खेप हाताने उतरविण्यास दोन मजुरांचा एक तास जातो. ५०० रुपये रोजाने तो १२५ रुपये झाला. ट्रॅक्टर अडकून पडण्याचे ७५ रुपये धरल्यास खेपेमागे २०० रुपये वाचतात. म्हणजे वर्षाला ६० खेपा झाल्या तरच जादा खर्च भरून निघतो.

स्वतःच्या झाडांच्या कामाच्या एवढ्या खेपा क्वचितच होतात. शेणखत, गाळ, माती, मुरूम यांच्या खेपा धरून ६० चा आकडा गाठत असेल तर ट्रॉली घ्यावी. अन्यथा तीन-चार शेजाऱ्यांनी किंवा गटाने मिळून एक ट्रॉली घेणे, अथवा भाड्याने आणणे शहाणपणाचे. यातील रकमा उदाहरणासाठी आहेत. आपल्या गावचे दर घालून हिशेब करावा.

१०. कागदपत्रे

झाड आपल्या शेतातले असले तरी ते तोडण्यास मोकळीक असतेच असे नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, आंबा, जांभूळ, ऐन, मोह, हिरडा, चिंच, फणस, खैर, चंदन इत्यादी झाडे आहेत. ती तोडण्यापूर्वी परवानगी लागते. अनुसूचित जमातीच्या खातेदारांच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे आणि इगतपुरी तालुक्यात तो अनेकांना लागू होतो. अशा खातेदारांनी व्यापाऱ्याशी परस्पर तोंडी सौदा करू नये. बांबूला मात्र २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आले. वाहतुकीच्या पासातून काही जातींना सूट आहे. ट्रॉली भरण्यापूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करावी. ट्रॉलीची नोंदणी, विमा आणि मागील बाजूस लाल परावर्तक व दिवे हेही पाहावे. मुंबई–आग्रा महामार्गावर किंवा घोटी–सिन्नर रस्त्यावर रात्री दिव्याविना ट्रॉली उभी करणे म्हणजे दुसऱ्याच्या मरणाला कारण होणे होय.

थोडक्यात

शेतकरी बंधू-भगिनींनो, ट्रॉली घेण्यापूर्वी आपली वाट एकदा पायी चालून पाहा. सर्वांत मोठा उतार कोणता, तो किती फुटांत किती उतरतो, कोठे मऊ जमीन आहे, कोठे विजेची तार आहे हे कागदावर लिहा. त्या उतारावर आपला ट्रॅक्टर जेवढा भार निर्धास्तपणे थोपवू शकेल, तेवढ्याच भाराची ट्रॉली घ्या. तिला ब्रेक असू द्या. तेलाचे माप आणि जॅकचा कोन पाहून घ्या. लाकूड एका खेपेऐवजी दोन खेपांत घरी आले तर थोडे डिझेल जास्त जाईल, पण चालक आणि मजूर संध्याकाळी सुखरूप घरी येतील.